आम्ही की आपण

मंगळवार, ६ एप्रिल १९३७. सकाळी साडेसहा वाजता युलू टिंग्नीच्या धक्क्यावर पार्चमेंट कुटुंबाचे अकरा नग ओळीने मांडून ठेवलेले होते, आणि आयसिल्डा पार्चमेंट त्यांतल्या शेवटच्या ट्रंकेची दोरी पुन्हा एकदा सोडत होती. बांधणीत काही चुकले होते असे नव्हे. हाताला काहीतरी काम लागत होते, एवढेच.

"मिस आयसी, ती दोरी ओढून ओढून तुटेल," रोझाबेल कूका म्हणाली. कूका म्हणजे आजी. गावातल्या निम्म्या लोकांची ती खरीच आजी होती आणि उरलेल्यांची मानलेली. "ट्रंक काय पळून जातेय?"

"उशीर झाला तर होडी चुकेल, कूका."

"होडी माझ्या भाच्याची. तुला टाकून रेंडेल कुठं जाईल, स्वर्गात? त्याला तिथं कोण घेतंय!"

पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला रेंडेल हसला आणि लांबट, सपाट होडीचे टोक त्याने धक्क्याकडे वळवले. एप्रिलमध्ये कोको नदी आटते. वाळूचे दांडे वर येतात, होडी उतरून ढकलावी लागते आणि समुद्रापर्यंतची वाट आठवडाभर लांबते. आयसिल्डाला ती आणखी लांबली असती तरी चालले असते, आणि त्याच वेळी ती लवकर संपावी असेही तिला वाटत होते. तिच्या जिवाची ही ओढाताण फेब्रुवारीपासून, म्हणजे डेल्सीच्या आठव्या वाढदिवसापासून चालू होती.

मिशनचा नियम साधा होता. पाळकाने पाच वर्षे नदीवर काम करावे, मग सहा महिने मायदेशी, जमैकाला जावे, तिथल्या मंडळ्यांपुढे उभे राहून कामाची हकिगत सांगावी, प्रकृती सुधारावी आणि परतावे. मात्र आठ वर्षे पूर्ण झालेले मूल परत न्यायचे नाही. ते मायदेशी मिशनच्या शाळेत राहील. मागच्या खेपेला, पाच वर्षांपूर्वी, लिंटन असा राहिला होता. या खेपेला डेल्सीची पाळी होती. डेल्सीला हे कोणीही सांगितलेले नव्हते.

"जाताना नीट बोल हं," कूका डोळे मिचकावून म्हणाली. "नाहीतर त्या दिवसासारखं सगळं गाव होडीत चढून बसेल."

भोवतालच्या बायका खदखदून हसल्या. ती गोष्ट पंधरा वर्षे जुनी होती, आणि तरीही गावात ताजी होती. आयसिल्डा नवी नवरी म्हणून नदीवर आली तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या मिस्कितो भाषेतल्या दोन शब्दांनी तिची फजिती केली. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द. त्यात कोण बसले आणि कोण उतरले, ते बोलणाऱ्याच्या मनात राहते. मिस्कितोत तशी सोय नाही. तिथे 'यांग नानी' म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. आणि 'यावन' म्हणजे आपण, ऐकणारा धरून. पहिल्याच महिन्यात, दुपारभर बसून राहिलेल्या पाहुण्या बायकांना सभ्यपणे वाटेला लावण्यासाठी आयसिल्डा उठली आणि म्हणाली, "बरं, आता आपण जेवायला बसू." त्या उठल्या नाहीत. त्यांनी नवऱ्यांना बोलावले, नवऱ्यांनी मुलांना. पातेल्यात दोघांपुरता भात होता. शेवटी कूकाने घरून उकडलेली केळी आणून पंगत पुरी केली होती.

त्यानंतर आयसिल्डाने तो शब्द कधी चुकवला नव्हता. तिचा नवरा, पाळक एगर्टन पार्चमेंट, तर या बाबतीत फारच काटेकोर होता. शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्याचा हात होता. प्रार्थनेत देवाला 'आपल्या पित्या' म्हणणाऱ्या मदतनिसाला तो तिथल्या तिथे थांबवी: देवाशी बोलताना 'आमच्या' म्हणायचे. 'आपल्या' म्हटले की देवालाही कोणी बाप आहे असे होते.

पाळक धक्क्यावरच्या खोक्यावर चढले. मिस्कितोत निरोपाचे चार शब्द बोलले आणि शेवटी म्हणाले, "देवाची इच्छा असेल तर आम्ही परत येऊ."

व्याकरण बिनचूक होते. गावकरी त्या 'आम्ही'त नव्हते, नसायलाच हवे होते. पण आयसिल्डाने पाहिले, की डेल्सीने मान वर करून बापाकडे रोखून पाहिले होते. हिशेब जुळत नसला की ती असेच बघत असे.

*

तिसऱ्या दिवशी एका दांड्यावर होडी रुतली. रेंडेल आणि त्याचा जोडीदार पाण्यात उतरले, पाळकही पायजमा वर खोचून उतरले. होडीच्या माडाच्या छपराखाली मायलेकीच उरल्या.

"मम्मा," डेल्सी म्हणाली. घरात ती मिस्कितोच बोलत असे. आजारी असली तर जास्तच. "पपा 'आम्ही परत येऊ' म्हणाले."

"हो."

"त्यात मी आहे?"

आयसिल्डाने पाण्याच्या मडक्यावरचे झाकण काढले, पुन्हा ठेवले. मग ती इंग्रजीत म्हणाली, "वुई विल कम बॅक, डेल्सी. नक्की."

"इंग्रजीत नको. इंग्रजीत कळत नाही कोण ते."

"जमैकाला इंग्रजीच बोलायचंय तुला. आतापासून सवय कर."

"मी सवय करते. पण हे एवढं आपल्या भाषेत सांग."

"छपराबाहेर हात काढू नकोस. ऊन लागेल."

रेंडेलला इंग्रजी येत नव्हते. होडीला खांदा लावता लावता त्याने धापा टाकत विचारले, "काय म्हणाली गं मिस?"

"मिस म्हणाली," डेल्सीने सांगितले, "की कोणीतरी परत येणार आहे."

रेंडेल हसला. आयसिल्डाला हसू आले नाही. होडी सुटली आणि प्रवाहाला लागली, तेव्हा तिने खाली उतरून चिखलातून चालत जायची परवानगी मागितली. पाळक म्हणाले, "आयसी, आता खोल पाणी आहे, बस." ती बसली, पण संध्याकाळपर्यंत तिने चार वेळा जागा बदलली.

नदीच्या मुखाशी किनाऱ्याची गलबतवजा बोट मिळाली, तिच्यातून तिघे दक्षिणेला गेले आणि तिथे लाकूड नेणाऱ्या आगबोटीत बसले. समुद्रावर सगळ्यांना उलट्या झाल्या. किंग्स्टनच्या धक्क्यावर उतरल्यावरही आयसिल्डाच्या पायाखालची जमीन हलत राहिली. आगगाडीत ती खिडकीशी बसली, मग दाराशी उभी राहिली, मग डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आली.

"आपण घरी आलो, आयसी," पाळक म्हणाले. "जरा टेक."

त्यांनी हे इंग्रजीत म्हटले होते. आयसिल्डाने मनातल्या मनात त्याचे मिस्कितो करून पाहिले आणि अर्ध्यावर सोडून दिले.

*

पाळकांची बहीण अडिना सेंट एलिझाबेथच्या लाल मातीच्या डोंगरात राहत होती. दगडी गडग्यामागे घर, अंगणात फणसासारखे थोराड ब्रेडफ्रूटचे झाड, मागे गुंगोच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगांचा वाफा. अडिनाने डेल्सीला आपादमस्तक न्याहाळले.

"पोर गोड आहे. पण आयसी, ही बोलते काय गं? मासळीवाल्या भांडताहेत की काय असं वाटतं."

"मासळीवाल्या भांडतात तेव्हा इंग्रजीतच भांडतात," डेल्सी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "बंदरावर मी ऐकलं."

"अगबाई! जीभ बापावर गेलीय."

लिंटन तीन वाजता शाळेतून आला. तेरा वर्षांचा, बापाएवढा उंच, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले. पाच वर्षे आयसिल्डाने या क्षणाची जी जी चित्रे मनात रंगवली होती, त्यांतले एकही जुळले नाही. त्याने टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅम. प्रवासात त्रास झाला नाही ना तुम्हाला?"

आयसिल्डाने तो हात हातात घेतला. हात कोरडा आणि सभ्य होता. पाहुण्यांना बसवावे तसे त्याने तिला बसवले, पुदिन्याचा चहा आणून दिला आणि स्वतः उभा राहिला.

"तू बस ना, लिंटन."

"मी ठीक आहे, मॅम."

त्या दिवसानंतर ती घरात सतत फिरत राहिली. ट्रंका उघडून कपडे कपाटात लावायचे, दुसऱ्या दिवशी तेच कपडे पुन्हा ट्रंकेत भरायचे. अडिना वैतागली. "बाई, तुझ्या पायाला चाकं आहेत की काय? सहा महिने राहायचंय तुला इथं. कोंबडी अंडं घालायच्या आधी अशी फिरते."

रविवारी मात्र फिरणे कामाचेच असे. दर रविवारी वेगळी मंडळी, वेगळी टेकडी, वेगळी लॉरी. पाळक नदीची हकिगत सांगत, जग्वारचे कातडे आणि झाडाच्या सालीचे कापड दाखवत. उपासना संपल्यावर टोप्या घातलेल्या बायका डेल्सीभोवती गोळा होत.

"बाळ, तिकडचे लोक कपडे घालतात ना गं?"

"घालतात. रविवारी तर तुमच्यापेक्षा जास्त घालतात."

शेवटी डेल्सीला व्यासपीठापाशी उभे करत. ती मिस्कितोत प्रार्थना म्हणे आणि मग पाठ करून घेतलेली दोन वाक्ये: "आम्ही लवकरच परत जाणार आहोत. तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करा." पाळक त्याचे इंग्रजी करत. वुई शॅल सून गो बॅक. लोक माना डोलावत. आयसिल्डा पहिल्या बाकावर बसून हातमोज्याचे बटण लावी, काढी, लावी.

एका शनिवारी ती स्वयंपाकघरात गुंगो सोलत होती. खिडकीबाहेर पायरीवर भावंडे बसली होती. तिला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती.

"तू मिस्कितो विसरलास का रे?" डेल्सी विचारत होती.

"बरंच. वाबुल आठवतं."

"ते तर केळी कुस्करून प्यायचं असतं. ते कोण विसरेल! 'आम्ही' आणि 'आपण' आठवतं?"

"दोन होते, एवढं आठवतं."

"दोन आहेत. मम्माला मी विचारते तर ती इंग्रजीत सांगते."

"मलाही इंग्रजीत सांगितलं होतं," लिंटन म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, धडा वाचून दाखवावा तसा. "याच पायरीवर. वुई विल कम बॅक. मला वाटलं आत्या मला बाजारात नेतेय, तोवर ते थांबतील आणि मग आपण सगळे जाऊ. बाजारातून आलो तर घरात कोणी नव्हतं. आत्या म्हणाली, अरे ते परत येणार आहेत की. पाच वर्षांनी आले. खोटं नाही बोलले ते."

"मग तू रडलास?"

"थोडा. ऐक, तू त्यांना मिस्कितोतच बोलायला लाव. त्यात लपायला जागा नाही."

आयसिल्डाच्या हातातली शेंग तशीच राहिली. सोललेले दाणे तिने पुन्हा टरफलांत टाकले, मग निवडून पुन्हा बाहेर काढले.

*

ऑक्टोबरच्या मध्याला ती नवऱ्याशी बोलली. पाळक ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते.

"पार्सन, डेल्सीला आपल्याबरोबर न्यायचं."

ब्रश थांबला नाही. "आयसी, हे आपलं बोलून झालंय."

"तुम्ही बोललात. मी ऐकलं."

"नियम माझा नाही."

"नियम पाळायला तुम्हीच लावताय."

मग त्यांनी ब्रश खाली ठेवला. "अँब्रोज दीड वर्षाचा होता," ते हळू म्हणाले. "दोन दिवसांच्या तापात गेला. मी स्वतः पेटी ठोकली. तिथं एक पुरलाय, आयसी. इथं दोन जगताहेत. मला निर्दय म्हण. पण मला सांग, मी चूक कुठं आहे?"

तिसऱ्या बाळाची कबर नदीकाठच्या आंब्याखाली होती. ती तिनेही रोज पाहिली होती. बराच वेळ ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली.

"कदाचित तुम्ही चूक नसालही," ती शेवटी म्हणाली. "पण मग तिला सांगा. तिच्या भाषेत सांगा, की आम्ही जाणार, तू नाही. तुम्हाला व्याकरण येतं. एक शब्द बोलायचाय."

पाळकांनी बूट उचलला. "योग्य वेळी सांगेन."

"लिंटनच्या वेळची योग्य वेळ कधी आली, पार्सन?"

पाळकांनी ब्रश पुन्हा हातात घेतला. त्या आठवड्यात डेल्सीला शाळा दाखवायला नेले. वसतिगृहाच्या बाईंनी तिच्या खांद्याची मापे घेतली, निळा झगा तिच्या अंगाला लावून पाहिला आणि प्रेमाने एका खाटेवर हात थोपटला. "ही तुझी हं. खिडकीजवळची."

डेल्सीने खाट पाहिली, आईकडे पाहिले. परतताना लॉरीत ती अडिनाशी इंग्रजीत बोलली. घरी आल्यावर आईशीही इंग्रजीतच बोलली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आयसिल्डाने कान देऊन ऐकले, मुद्दाम मिस्कितोत विचारले, "भूक लागली का गं?" पोर म्हणाली, "नो, थँक यू, मम्मा." त्या स्वराला टोपी आणि गुडघ्याएवढे मोजे होते. आयसिल्डा घराबाहेर पडली, गडग्याच्या कडेकडेने डोंगर उतरून गेली आणि पुन्हा चढून आली. घाम पुसला, पुन्हा निघाली.

*

शेवटची उपासना कॉफी गॅपच्या मंडळीत होती. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, देऊळ खच्चून भरलेले; निरोपाची सभा म्हणून डोंगरापलीकडूनही लोक आले होते. लिंटन मुलांच्या बाकावर होता, अडिना वाऱ्यासाठी हातातला पंखा हलवत होती.

पाळकांनी हकिगत संपवली आणि हात पुढे केला. डेल्सी उठली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या तोंडून मिस्कितो आले. प्रार्थना झाली. मग दोन वाक्ये.

"ते आता परत जाणार आहेत," डेल्सी म्हणाली. "तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

देवळात तिचे शब्द समजणारी माणसे तीन होती. लिंटनने मान वर केली. तेवढे त्याला आठवत होते. आयसिल्डाचा हात बटणावर थांबला. पाळक श्वासभर अडखळले. मग सवयीने, सहा महिने प्रत्येक रविवारी म्हटलेले वाक्य त्यांनी म्हटले, "वुई शॅल सून गो बॅक. प्रे फॉर अस."

"चुकलं, पार्सन."

आयसिल्डा उभी होती. आपण कधी उठलो हे तिला कळले नव्हते. अडिनाचा पंखा थांबला.

"सिस्टर पार्चमेंट," पाळक हळूच म्हणाले, "नंतर बोलू."

"नंतर नाही. तिनं 'आम्ही' म्हटलंच नाही. 'ते' म्हटलं. तुम्ही भाषांतर करता ना? मग तिचं करा. मनातलं नका करू."

मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजले, "अरे देवा, पार्सनला भर देवळात!" मंडळीतले एक वडील खाकरले. डेल्सी दोन्ही हात पाठीमागे बांधून बापाकडे पाहत उभी होती.

पाळकांनी चष्मा काढला. हा माणूस पंधरा वर्षे इतरांचे सर्वनाम दुरुस्त करत आला होता. एका शब्दासाठी त्याने अख्खे पान पुन्हा लिहायला लावले होते. चष्म्याविना त्याला समोरची मंडळी धूसर दिसत असणार. बहुधा म्हणूनच तो बोलू शकला.

"दुरुस्ती," ते इंग्रजीत म्हणाले. "मुलगी म्हणाली: ते आता परत जाणार आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा." आणि थोड्या वेळाने, "तिला तसं कोणी सांगितलेलं नाही. तिनं ओळखलं."

आयसिल्डा बाकातून बाहेर आली. मधल्या वाटेने ती व्यासपीठापर्यंत गेली आणि लेकीसमोर उभी राहिली. एप्रिलपासून ती ज्या शब्दाभोवती घिरट्या घालत होती, तो आता तोंडात आल्यावर अगदी लहान निघाला.

"आपण," ती मिस्कितोत म्हणाली. "डेल्सी, आपण परत जाऊ."

डेल्सीने शब्द नीट तपासून घेतला. मग बापाकडे बोट केले. "त्यांनापण म्हणू दे."

"डेल्सी—"

"तू एकटीच म्हटलंस तर तू आणि मी. बोटीची तिकिटं पपा काढतात."

कुठेतरी पुढच्या बाकावर एक म्हातारी हसली. तिला शब्द कळले नव्हते, पण बोट कळले होते. पाळकांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. अँब्रोजची पेटी ठोकणारे तेच हात व्यासपीठाची कड घट्ट धरून होते.

"ताप आला तर?" ते बायकोला मिस्कितोत म्हणाले. मंडळीसाठी नव्हे, पहिल्यांदाच लेकीने ऐकावे म्हणून.

"तर आपल्यात येईल," आयसिल्डा म्हणाली. "मी घाबरत नाही असं नाही, पार्सन. रोज घाबरीन. पण तिथं घाबरीन."

अखेर ते खाली वाकले, लेकीच्या तोंडासमोर तोंड आणले आणि म्हणाले, "आपण."

"पार्सन," ती पुढच्या बाकावरची म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आता काय बोललात तुम्ही? आम्हालाही सांगा की."

पाळक सरळ झाले. तोंड उघडले, मिटले. "त्याला इंग्रजीत शब्द नाही, सिस्टर," ते म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस निभावून नेलं."

*

सुपरिंटेंडेंट साहेबांनी दोघांना बोलावून घेतले आणि उभेच ठेवले. नियम मोडणाऱ्याला मिशन थोपवू शकत नाही, पण मिशनला ते विसरताही येत नाही, असे त्यांनी सांगितले. मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत नदीवर ठेवता येईल. शिक्षण आईने द्यायचे. प्रकृतीची जबाबदारी आईबापांची. आणि ब्लूफील्ड्सची जागा, समुद्रकाठची, डॉक्टर असलेली, जी पुढच्या वर्षी पार्चमेंटांना मिळायची होती, ती आता दुसऱ्या पाळकाला जाईल. पाळक म्हणाले, "समजलं, सर." बाहेर आल्यावर ते आयसिल्डाच्या चालीने चालत राहिले. ती चाल भराभर होती.

आयसिल्डाला वाटले होते, की एकदा शब्द बोलून झाला की जीव शांत होईल. झाला नाही. ती क्विनाइनच्या बाटल्या मोजी, पुन्हा मोजी. झोपलेल्या डेल्सीच्या कपाळाला रात्री-अपरात्री हात लावून बघे. आणि लिंटन समोर आला, की तिला उभे राहवत नसे आणि बसवतही नसे.

निघायच्या आदल्या दुपारी तो अंगणात ब्रेडफ्रूट भाजत होता. निखाऱ्यावर फळ फिरवत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"लिंटन. बोटीत जागा आहे. सुपरिंटेंडेंट आणखी काय करणार! आपण—"

"नको, मॅम." त्याने काठीने फळ उलटे केले. "तो शब्द माझ्यासाठी नका वापरू."

"रागावलायस?"

"नाही. मी रागावत होतो, आधी. आता माझी इथं शाळा आहे, डिसेंबरात मॅच आहे. मी विकेटमागं उभा राहतो. आत्याच्या गुडघ्याला मीच तेल लावतो. तिथं येऊन मी काय करू? मला तर वाबुलच आठवतं."

"माझं चुकलं, लिंटन. पाच वर्षांपूर्वी मी तुला नीट सांगायला हवं होतं."

काळे पडलेले फळ त्याने पानावर काढले, साल तासली. वाफ वर आली. मधला मऊ तुकडा त्याने वेगळा केला आणि तिच्या हातावर ठेवला.

"गरम आहे, फुंकून खा," तो म्हणाला. "तिला नीट सांभाळ, मम्मा. पाण्याजवळ ती फार पुढं जाते, तू बघत जा."

त्याच्या तोंडून 'मॅम'ऐवजी 'मम्मा' गेले होते, हे त्याला कळले की नाही, ते आयसिल्डाला समजले नाही. जीभ भाजली तरी तिने तुकडा संपवला आणि दुसरा मागितला.

बुधवार, १० नोव्हेंबर १९३७ रोजी सकाळी किंग्स्टनहून आगबोट सुटली. आयसिल्डा कठड्याशी उभी राहिली, मग पलीकडच्या बाजूला गेली, मग पुन्हा आली. डेल्सी तिच्या मागोमाग फिरत होती आणि मिस्कितोत एकसारखी बोलत होती. बोटीवर पार्चमेंट कुटुंबातले प्रवासी: तीन.